थ्री-डी ग्रिड मोडण्याची सोपी रीत (अमळनेर तालुक्यापुरती)

अभिनंदन! अमळनेर तालुक्याच्या पोटातलं पाणी तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल गोल फिरतं आहे. माउस डावीकडे ओढला की तापी समोर येते, उजवीकडे ओढला की पारोळ्याकडची बाजू दिसते. वर निळं, खाली तांबडं. शेजारच्या टेबलावरचे दोघं येऊन "वा, वा" म्हणून गेले. आणि आता साहेबांनी विचारलं आहे, "हे व्हॉट्सॲपवर पाठवता येईल का?"

तुमचं शिक्षण इथून सुरू होतं. मॉडेल उभं कसं करायचं हे शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. उभं केलेलं मॉडेल मोडून दुसऱ्याला समजेल, उघडेल आणि शक्यतो वाईट वाटणार नाही अशा रूपात द्यायचं कसं, ते मात्र ज्याचं त्यानं शिकायचं असतं. म्हणून हा छोटा मार्गदर्शक. यासाठी गणित येण्याची गरज नाही. गणित येत असेल तर थोडा त्रास होईल, तो सोसावा.

साहित्य

समजा, तालुक्यावर 25 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन टाकला. त्याच्या 100 ओळी, 100 रकाने आणि खाली 5 थर केले. झाले 50,000 सेल. भट्टीवर रचलेल्या विटांसारखी ही रास आहे आणि प्रत्येक विटेच्या पोटात एक आकडा आहे: पाण्याची पातळी. हा आकडा काढण्याचं काम बहुधा मॉडफ्लो या प्रोग्रामनं केलेलं असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या मॅकडॉनल्ड आणि हारबॉ यांनी 1984 साली तो लिहिला. आजही तो फुकट मिळतो. त्यावर देखणा मुखवटा चढवणारी सॉफ्टवेअर मात्र बरीचशी विकत घ्यावी लागतात, उदाहरणार्थ युटातल्या ब्रिघम यंग विद्यापीठात जन्मलेलं जीएमएस. फुकटच हवं असेल तर पायथनमधलं फ्लोपाय आहे. त्याला मेनू नसतो. चुकलं की ते इंग्रजीत चाळीस ओळी बोलतं, त्यातली शेवटची ओळ वाचावी.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 250 मीटरचा एक सेल म्हणजे सव्वासहा हेक्टर, साधारण साडेपंधरा एकर. साडेपंधरा एकरात खानदेशात चार भाऊ, त्यांच्या चार विहिरी, दोन बोअर आणि बांधावरून चाललेला एक कोर्टातला दावा सहज मावतो. मॉडेलला त्या सगळ्यांच्या पाण्याची पातळी एकच दिसते. थोरल्याची विहीर आटली आणि धाकट्याची चालू आहे, हे त्याला कळणार नाही. पुढचं सगळं रूपांतर या एका आकड्याचं आहे, हे विसरलात की तुम्ही तज्ज्ञ झालात.

पायरी पहिली: उत्तर कुठे आहे ते पाहा

मॉडफ्लो पहिली ओळ उत्तरेची धरतो आणि पहिला थर वरचा. फ्लोपाय मोजणी शून्यापासून करतं, म्हणजे तुमचा तिसरा थर त्याच्या लेखी दुसरा. दुसरीकडे, काही फॉरमॅट ओळी खालून, म्हणजे दक्षिणेकडून मोजतात. फाइल इकडून तिकडे नेताना नकाशा उलटा पडतो आणि कुणालाच कळत नाही, कारण चौकोन उलटा केला तरी चौकोनच दिसतो.

अमळनेरकरांना मात्र हे ताबडतोब कळायला हवं. बोरी नदी दक्षिणेकडून, तामसवाडीच्या धरणाकडून येते, गावातून जाते आणि उत्तरेला तापीला मिळते. जमिनीचा उतार तापीकडे, म्हणून जमिनीखालच्या पाण्याचा ओढाही ढोबळमानानं तिकडेच. रूपांतरानंतर पाणी तापीतून निघून पारोळ्याकडे चढत असेल तर सिंचनाचा मोठा प्रश्न सुटला असं समजून पेढे वाटू नका. ओळी उलट्या करा.

दुसरी तपासणी आणखी सोपी. आपण यूटीएमच्या 43 व्या पट्ट्यात येतो. या पट्ट्याची मधली रेषा 75 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि अमळनेर तिला जवळजवळ चिकटून आहे. त्या मधल्या रेषेला पाच लाख हा आकडा दिलेला असतो. म्हणून गावाचा पूर्वेकडचा आकडा पाच लाखांच्या जरासा पुढे यायला हवा आणि उत्तरेकडचा तेवीस लाखांच्या घरात. पूर्वेकडचा तेवीस लाख आला तर दोन्ही रकाने अदलाबदल झाले आहेत आणि अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर भलत्याच मुलखात पोचलं आहे.

त्याच बैठकीत नदीही बघून घ्या. मॉडेलमध्ये बोरीला 'नदी' म्हणून ठराविक पातळी देऊन टाकली की ती बाराही महिने खालच्या थरांना इमानेइतबारे पाणी पाजत राहते. प्रत्यक्षात वैशाखात याच कोरड्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. पाळणे लागतात, भांड्यांची दुकानं लागतात. ज्या सेलमधून मॉडेलला पाणी मिळतं आहे तिथे त्या महिन्यात जिलेबी तळली जात असेल तर रूपांतराआधी मॉडेल दुरुस्त करा. चुकीचं मॉडेल पीडीएफमध्ये गेलं की ते दुरुस्त होत नाही, प्रसिद्ध होतं.

पायरी दुसरी: तीन मितींच्या दोन करा

हे सर्वांत मागणीचं काम. कारण कागद सपाट असतो आणि साहेबांचा मोबाइलही.

सॉफ्टवेअर विचारतं, पाच थरांमधला कोणता हवा? नवशिके म्हणतात, सगळ्यांची सरासरी काढू, म्हणजे कुणावर अन्याय नको. लोकशाहीत हे ठीक आहे. जमिनीखाली वरच्या थराची पातळी वेगळी, खाली पाषाणात कोंडलेल्या पाण्याची वेगळी, आणि दोन्हींची सरासरी कोणत्याही विहिरीत कधीही दिसत नाही. विहिरीतली पातळी हवी असेल तर वरून खाली येत पहिला ओला सेल शोधायचा आणि त्याची पातळी घ्यायची. फ्लोपायमध्ये त्यासाठी तयार सोय आहे, हातानं करू नका.

ओला सेल म्हटलं म्हणजे कोरडाही आला. सेल कोरडा पडला की मॉडफ्लो तिथे उणे एकवर तीस शून्यं असा काहीतरी आकडा ठेवतो. ही त्याची 'इथे पाणी नाही' म्हणण्याची पद्धत. तुम्ही रास्टर बनवताना हा आकडा 'नो डेटा' म्हणून सांगितला नाहीत तर तो पातळी म्हणून मोजला जातो. मे महिन्याच्या नकाशात वरचा थर अर्धा कोरडा असतोच. मग रंगांची पट्टी त्या एका आकड्यापासून सुरू होते, उरलेला सगळा तालुका एकाच रंगाचा होतो, आणि कुणीतरी बैठकीत म्हणतं, "पाहा, सगळीकडे पाणी सारखंच आहे." ते वाक्य दुसऱ्या दिवशी पेपरात येतं.

आता जरा गणित. सोसाल असं वर सांगितलंच आहे. पातळी नको, पाणी मुरण्याचा वेग हवा असेल तर थर एकत्र करताना कोणती सरासरी घ्यायची हा प्रश्न येतो. समजा, वर 2 मीटर पिवळी चिकण आहे, तिच्यातून पाणी दिवसाला एक मिलिमीटर जातं. खाली 20 मीटर वाळू-गोटे, त्यांच्यातून दिवसाला 20 मीटर. साधी भारित सरासरी काढली तर येतं दिवसाला सुमारे 18 मीटर. आडव्या प्रवाहासाठी हे बरोबर आहे, कारण पाणी वाळूतून पळतं आणि चिकणीकडे बघतही नाही. पण पाऊस आडवा मुरत नाही. उभ्या दिशेला हरात्मक सरासरी घ्यावी लागते, आणि ती येते दिवसाला सुमारे 11 मिलिमीटर. दोन उत्तरांत सोळाशे पटींहून जास्त फरक. दोन मीटर चिकण बावीस मीटरांच्या नाकात वेसण घालते.

तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात 2004 पासून जो 'शिरपूर पॅटर्न' उभा राहिला, त्याच्या मुळाशी नेमकी हीच वेसण आहे. भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांचं म्हणणं साधं होतं: गाळाच्या प्रदेशात वरच्या चिकण थरातून पाऊस खाली जातच नाही, म्हणून नाले रुंद आणि खोल करून खालच्या वाळूपर्यंत पोचा. त्या कामावर पुढे उलटसुलट चर्चा झाली. सगळीकडे सरसकट नाले खोदू नका, असंही अभ्यासकांनी सांगितलं, आणि ते खरं आहे, कारण पाषाणाच्या मुलखात खाली वाळू नसतेच. अमळनेर तालुक्यात दोन्ही आहे: उत्तरेला तापीकाठचा गाळ, दक्षिणेला पाषाण. तेव्हा तुमच्या मेनूत 'सरासरीचा प्रकार' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं खोकं दिसेल, त्यावर घाईत बोट ठेवू नका. त्या एका टिचकीनं अख्ख्या तालुक्याची चिकण नाहीशी होते आणि पाऊस हसत हसत खाली जातो.

खडकाच्या प्रकारांचं तर विचारूच नका. तुम्ही चिकणीला 1, वाळूला 2, मुरमाला 3, मांजऱ्याला 4 आणि काळ्या पाषाणाला 5 असे क्रमांक दिले असतील. जाळी बदलताना सॉफ्टवेअरनं शेजारच्या दोन सेलमध्ये गुळगुळीतपणा आणला की चिकण आणि मुरूम यांची सरासरी येते 2, म्हणजे वाळू. जिथे एक घमेलं वाळू नाही तिथे कॉम्प्युटरनं वाळूचा पट्टा तयार केला. महसूल खात्याला कळायच्या आत 'जवळचा सेल' हा पर्याय निवडा.

पायरी तिसरी: ठिपके

थ्री-डी ग्रिडचे ठिपके करणं सर्वांत सोपं. प्रत्येक सेलच्या मध्यबिंदूवर एक ठिपका, त्याला एक आकडा. पन्नास हजार ठिपके क्षणात तयार. आणि सर्वांत धोकादायक रूपांतर हेच, कारण ठिपका विहिरीसारखा दिसतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, ठरलेल्या विहिरींवर जाऊन टेप सोडतात. टेपचं ओलं टोक पाहून आकडा लिहितात. तालुक्याला अशा निरीक्षण विहिरी थोड्याच. त्या थोड्या आकड्यांवर मॉडेल बेतलं जातं, मॉडेलमधून पन्नास हजार आकडे निघतात, ते ठिपके होऊन एका फाइलमध्ये जातात. फाइल दुसऱ्या कार्यालयात जाते. तिथला हुशार मुलगा म्हणतो, "बापरे, केवढा डेटा!" तो त्यावर नवं मॉडेल बेततो. नवं मॉडेल जुन्याशी तंतोतंत जुळतं. जुळणारच, ते त्याचंच मूल आहे. दोन स्वतंत्र अभ्यासांचा निष्कर्ष एकच आला म्हणून टिपणी लिहिली जाते.

यावर इलाज एकच: ठिपक्यांच्या फाइलमध्ये एक जादा रकाना ठेवा, 'मोजलेलं' की 'काढलेलं'. एवढ्या एका रकान्यानं जितकी भांडणं वाचतात तितकी क्रिगिंगसारख्या गणितानं वाचत नाहीत.

पायरी साडेतीन: एक्सेल

मागणारे मागतीलच. पन्नास हजार सेल, दहा वर्षांचे 120 महिने, झाल्या साठ लाख ओळी. एक्सेलच्या एका पानावर मावतात 10,48,576. म्हणजे पहिले वीस महिने पुरते, एकविसाव्याचा बराचसा भाग, आणि पुढची शांतता. फाइल उघडताना एक छोटी सूचना येते, ती कुणी वाचत नाही. दहा वर्षांच्या अभ्यासाचे कल दोन वर्षांतच कसे स्पष्ट झाले, याचा आनंद मानण्याआधी शेवटच्या ओळीचा महिना पाहा.

पायरी चौथी: मेश

ग्रिडचा मेश करायचा म्हणजे विटांच्या कोपऱ्यांना महत्त्व द्यायचं. फिफ्लोसारखी सॉफ्टवेअर पातळी कोपऱ्यांवर मोजतात, मॉडफ्लो विटेच्या मध्यावर. आपल्या राशीत विटा 50,000, पण कोपरे 101 गुणिले 101 गुणिले 6, म्हणजे 61,206. वरचे अकरा हजार आकडे कुठून आले? शेजाऱ्यांकडून उसने. एरवी त्यात वाईट काही नाही. पण शेजारची वीट पाच मीटर खाली बसली असेल, मध्ये भ्रंश असेल, किंवा धुळे-नंदुरबारकडे जमिनीत पूर्व-पश्चिम उभ्या गेलेल्या डाईकच्या काळ्या भिंती आहेत तशी एखादी भिंत आडवी आली असेल, तर कोपऱ्याची सरासरी ती पायरी घासून उतार करते. भिंतीच्या अलीकडे पाणी तुंबलेलं असतं, पलीकडे विहीर कोरडी. मेशमध्ये दोन्हीकडचे शेतकरी गुण्यागोविंदानं नांदतात.

पायरी पाचवी: फिरतं चित्र

पॅराव्ह्यू या सॉफ्टवेअरसाठी व्हीटीके फाइल काढा आणि मंत्रालयातून पाहुणे येणार असतील त्या दिवसासाठी राखून ठेवा. फक्त एक हिशेब लक्षात असू द्या. आपला चौकोन 25 किलोमीटरचा आणि पाच थर मिळून खोली 100 मीटर. खऱ्या मापात काढला तर 25 सेंटीमीटरच्या पडद्यावर त्याची जाडी भरते 1 मिलिमीटर. एवढं बारीक कुणी टाळ्या वाजवून बघत नाही, म्हणून उभं माप पन्नासपट ताणतात. ताणलं की तापीकाठचा सौम्य उतार सह्याद्रीचा कडा होतो आणि पाणी धबधब्यासारखं कोसळताना दिसतं. "उभं माप 50 पट" असं चित्रातच ठळक लिहा. तोंडी सांगितलेलं पाहुणे गाडीत बसेपर्यंत विसरतात.

पायरी सहावी: एक शब्द

सगळ्या फाइली देऊन झाल्यावर खरी मागणी येते: तालुका कोणत्या वर्गात? उपसा वर्षाला उपसण्याजोग्या भूजलाच्या 70 टक्क्यांपर्यंत असेल तर सुरक्षित, 90 पर्यंत अंशतः शोषित, 100 पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. हा वर्ग मॉडेलवरून ठरत नाही, त्याची केंद्राची वेगळी पद्धत आहे, पण तुमच्या पन्नास हजार सेलना शेवटी याच चार शब्दांशी स्पर्धा करायची आहे. नव्या विहिरीचं अनुदान, योजना, बंदी, सगळं त्या शब्दावर चालतं. केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना तो शब्द चांगला ठाऊक आहे. थ्री-डी ग्रिड त्यांनी पाहिलेली नाही आणि त्यामुळे त्यांचं काही अडलेलं नाही.

शेवटची पायरी: फूट

हे रूपांतर कोणत्याही मेनूत नाही आणि सर्वांत महत्त्वाचं आहे. दारात आप्पा उभे आहेत, हातात सातबारा. विचारतात, "भाऊ, पानी कितला फूटवर शे?" तुमच्या सेलमध्ये आकडा आहे 150. तो समुद्रसपाटीपासूनचा आहे, मीटरमध्ये आहे, आणि तो तुम्ही जसाच्या तसा सांगितलात तर आप्पा पाचशे फूट बोअर मारतील, पाषाणात, कर्ज काढून.

अमळनेरची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटर उंच आहे. आप्पांच्या शेताची नेमकी उंची काढा. 190 च धरली तर त्यातून 150 वजा करा: 40 मीटर, म्हणजे साधारण 130 फूट. आणि त्यांना हेही सांगा की बोअरमध्ये पाणी येऊन उभं राहतं ती ही पातळी. पाणी लागतं ती खोली वेगळी असू शकते, कारण खाली मांजऱ्यात कोंडलेलं पाणी भोक पडलं की वर चढतं. तुमचा आकडा साडेपंधरा एकरांचा आहे, त्यांच्या एकट्याच्या बांधाचा नाही, हे सांगायला लाजू नका. तळहातावर नारळ उभा करणारा पाणाड्या हे काही सांगत नाही, पण त्याचं उत्तर फुटात असतं. गर्दी त्याच्याकडे असते ती त्यासाठी.

आता फाइली पाठवायला हरकत नाही. प्रत्येकीसोबत चार ओळींचा कागद जोडा: कोणता थर, कोणता महिना, किती विहिरींचं मोजमाप, कोणती सरासरी. आणि कृपा करून फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नका, महिना आणि वर्ष लिहा.